आंब तपासून झाली होती

अव्वा,

आज नऊ दिवसांनी कॉलेजात गेले. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला नेमका हायड्रॉक्सी आम्लांचा धडा समोर आला. पुढं ढकलता आला असता, पण म्हटलं, ढकलून ढकलून किती दिवस ढकलणार. फळ्यावर मॅलिक आम्ल काढलं. चार कार्बनांची साखळी, दोन्ही टोकांना आम्लाचे गट आणि मधल्या एका कार्बनला चिकटलेली ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, हे सापडतं कुठं?" पुस्तकातलं उत्तर ठरलेलं आहे, कच्च्या सफरचंदात. अकरा वर्षं मी तेच सांगत आले. लोहाऱ्याच्या पोरांना सफरचंद! आज तोंडातून निघालं, "हरभऱ्यावर." मग तीच मुलगी म्हणाली, "म्हंजे आंब, मॅडम?"

"हो, आंब," म्हणाले आणि फळ्याकडं तोंड करून तीच रचना पुन्हा पुन्हा गिरवत राहिले. पोरं समजूतदार आहेत. तास संपेपर्यंत कुणी काही विचारलं नाही.

लग्न होऊन आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीहून माकणीला आले तेव्हा तुम्ही पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "सासूबाई-बिसूबाई म्हणायचं न्हाय. माझा मल्लू म्हणतोय तसं अव्वा म्हण." मला ते जड गेलं. आमच्या घरात आईला आई म्हणतात आणि सासूला आत्याबाई. पण तुमचं माहेर सीमेपलीकडचं, तुमच्या बोलण्यात कानडी अशी सहज यायची, की महिन्याभरात मीही तुमच्या मागोमाग 'अव्वा' म्हणू लागले. तुम्ही मला विद्या कधी म्हणालाच नाहीत. इद्या. एमएस्सी झालेली, केमिस्ट्री शिकवणारी इद्या. शेजारणींना सांगताना 'एमएस्सी' हा शब्द तुम्ही एखाद्या देवस्थानाचं नाव घ्यावं तसा घ्यायचात, हेही सांगून टाकते.

पहिल्या पौषात एकदा उजाडता उजाडता मी तुम्हाला शोधत शेतात आले. हरभरा फुलावर होता. तुम्ही लुगड्याचा काचा मारून, जुन्या धोतराचं एक मोठं फडकं दोन्ही हातांनी धरून, हरभऱ्याच्या शेंड्यांवरून हळूहळू ओढत चालला होता. दोन सऱ्या झाल्या की थांबायचं, फडकं चिनीमातीच्या बरणीवर धरून पिळायचं, पुन्हा चालायचं. मला वाटलं दव गोळा करताय. दव कशाला लागतं कुणाला? तुम्ही एक पान तोडून माझ्यापुढं धरलंत. "जीभ लाव."

लावली. अव्वा, आंबट पदार्थ मी आयुष्यभर खाल्लेत, पण उभ्या पिकाच्या हिरव्या पानावर, न पिकवता, न नासवता, न आंबवता असं आंबट बसलेलं असतं हे मला ठाऊक नव्हतं. वाशीतही हरभरा होतो. पण आमचं किराण्याचं दुकान. हरभरा मला पोत्यात भरलेला तेवढा माहीत. पाच वर्षं आम्लं शिकून आलेल्या बाईला तुम्ही त्या सकाळी आम्ल दाखवलंत.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातलं भिंग घेऊन आले. पानावर बारीक बारीक केस असतात आणि त्यातल्या कितीतरी केसांच्या टोकावर एकेक थेंब. मी तुमच्या हातात भिंग दिलं. तुम्ही वाकून इतका वेळ बघत राहिलात, की मला वाटलं कंबर धरली. मग हळूच म्हणालात, "शिवा शिवा! केसाकेसाला दिवा लावलाय की गं." चाळीस वर्षं तुम्ही त्या पानांवरून फडकं ओढत होता आणि थेंब पहिल्यांदा बघत होता. त्या दिवशी तुम्ही मला आंब दाखवली की मी तुम्हाला, यावर आपण नंतर कितीदा तरी हुज्जत घातली. तुम्ही म्हणायचात, तू दाखवलीस. मी म्हणायचे, तुम्ही.

ती आंब तुम्ही गाळून काचेच्या बाटल्यांत भरून ठेवायचात. महिने जातील तशी ती पिवळी, मग तांबूस, मग काळपट व्हायची. पोट दुखलं, जेवण अंगावर आलं, की गावातली माणसं दारात. तुम्ही चमचाभर आंब पाण्यात घालून द्यायचात आणि समोर उभं राहून प्यायला लावायचात. कुणाला बाटली कधी उचलून दिली नाहीत. "ही काय सरबत न्हाय," म्हणायचात. चंद्रामावशी तर शेजारच्याच, त्यांचं आठवड्यातून एकदा तरी दुखायचंच. मला शंका आहे की त्यांना पोटापेक्षा तुमच्याजवळ बसायचं असायचं.

तुम्हाला ते सगळं समजावून सांगायची खोड मला लागली ती याच काळात. एकदा मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर रांगोळीनं आम्लांचं कुटुंब काढलं. चिंचेतलं टार्टारिक, लिंबातलं सायट्रिक, ताकातलं लॅक्टिक, आंबीतलं मॅलिक. प्रत्येकात आम्लाचा गट आहे, आणि त्याच साखळीवर ही ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आहे. पाण्यात असते तशीच. म्हणून ही सगळी पाण्यात झटकन विरघळतात. एका घरातली माणसं आहेत, अव्वा. तुम्ही चुलीपुढं बसून ऐकत होता. म्हणालात, "एका घरातली असली म्हणून काय सारखी बोलत्यात व्हय?"

मला कळलं नाही. तेव्हा तुम्ही उठून चार वाट्या मांडल्यात. चिंचेचा कोळ, लिंबू, ताक, आंब. सगळ्यांत पाणी घालून आंबटपणा सारखा वाटेल असं केलंत, चाखून चाखून. मग डोळे मिटून एकेकीत बोट बुडवून सांगायला लागलात. लिंबाचं आंबट पहिल्या झटक्याला चढतं आणि लगेच जातं. चिंचेचं दातांवर बसतं, दात आंबतात. ताकाचं कुठं आलं कळतच नाही, सरळ घशात उतरतं. आणि आंबीचं? "ते सावकाश येतंय. पण जिभंच्या कडंला लई येळ बसून ऱ्हातंय. पाहुणा गेला तरी त्याचं बोलणं ऱ्हातंय तसं." तुमच्या भाषेत आंबटाला हुळी. चार प्रकारची हुळी तुमच्या जिभेवर चार जागी राहत होती.

मी हसले होते. नंतर कॉलेजच्या ग्रंथालयात खाद्यपदार्थांच्या रसायनशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक चाळताना उभी राहिले ती तिथंच. सायट्रिकचा आंबटपणा लगेच चढतो आणि लगेच ओसरतो. मॅलिकचा हळू येतो आणि रेंगाळतो. लॅक्टिकचा सौम्य. अव्वा, तुम्हाला सही करण्यापलीकडं अक्षर येत नव्हतं. लोकांनी यंत्रं लावून, माणसं बसवून, वर्षानुवर्षं अभ्यास करून जे लिहिलं ते तुम्ही चुलीपुढं बोट चाटून सांगितलंत. घरी येऊन सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "मग त्येनी मला इचारायचं की." एवढंच. आणि भाकरी उलटलीत.

पण तुमचं खरं मला पुरून उरलेलं बोलणं वेगळंच आहे. मॅलिक आम्लाला दोन रूपं असतात, डावं आणि उजवं. अणू तेच, जोडणीही तीच, पण मधल्या एका कार्बनाभोवती चार वेगळ्या गोष्टी अशा बसलेल्या असतात, की एक रूप दुसऱ्यावर ठेवलं तर बसत नाही. मी तुमच्या दोन्ही चपला उचलून दाखवलं होतं. कारखान्यात आम्ल बनवलं तर दोन्ही पायांच्या चपला निम्म्या-निम्म्या होतात. पण झाड फक्त एकाच पायाची करतं. हरभराही तीच, सफरचंदही तीच, सगळ्या जगात तीच.

तुम्ही चपला हातात घेऊन आलटून पालटून बघितल्यात. म्हणालात, "एकदा बी चुकत न्हाय?"

"नाही."

"इतक्या पानावर, इतक्या केसावर, रोज रातभर?"

"नाही चुकत."

"आन् त्याला सांगतंय कोण?"

मी एंझाइम वगैरे सांगायला तोंड उघडलं. एंझाइम स्वतःच एका हाताचं असतं, म्हणून त्यानं घडवलेलंही एका हाताचं होतं, असं आपण शिकवतो. मग तुम्ही विचारणार, त्या एंझाइमला कुणी सांगितलं, आणि मग मी मागं मागं जात कुठं पोचणार होते? मी तोंड मिटलं. वर्गात हा धडा मी कितीदा शिकवला, पण त्या दिवसाआधी मला यात आश्चर्य करण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं. गुण मिळवण्याचा प्रश्न होता तो, पाच मार्कांचा. आता दरवर्षी तिथं आले की माझा आवाज बदलतो. पोरं एकमेकांकडं बघतात. ते तुमचं देणं आहे.

गमतीही कमी नव्हत्या. वन्सं पुण्याहून आल्या होत्या तेव्हा चेहऱ्याला लावायची कसली डबी घेऊन आल्या होत्या. रोज लावलं की जुनं कातडं जातं, नवं येतं. मी डबीवरचं वाचून दाखवलं. ग्लायकॉलिक, लॅक्टिक, मॅलिक. तुम्ही एकदम ताठ बसलात. "म्हंजे आंबच की! डबीत घातलेली?" मग स्वतःचे तळहात पुढं केलेत. जन्मभर शेतात राबलेल्या बाईचे हात, पण बोटांची टोकं गुळगुळीत, लहान मुलासारखी. दरवर्षी आंबीच्या दिवसांत तुमच्या बोटांची सालं निघायची आणि तुम्ही त्याला आंब लागली म्हणायचात. वन्सं आठवडाभर तुमच्या हातांकडं बघत होत्या. जाताना डबी इथंच विसरून गेल्या. तुमचं म्हणणं, मुद्दाम.

हे सगळं इतकं मोकळं, इतकं हसतंखेळतं होतं. म्हणूनच पुढचं लिहायला हात जड होतोय.

तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या पाठीत कळ उठली. लोहाऱ्याला नेलं, सोनोग्राफी झाली, मूत्रपिंडात खडे. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या, लिंबू-पाणी घ्या, पालक-टोमॅटो कमी करा. खडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असणार. जीपमध्ये परत येताना माझ्या डोक्यात एकच ओळ फिरत होती. कुठल्याशा पुस्तकात वाचलेली, की हरभऱ्याच्या पानांवरच्या स्रावात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. ओळीत दोन नावं होती. मी त्यातलं एकच ऐकलं.

घरी आलो तेव्हा तुमच्यापाशी चंद्रामावशी बसल्या होत्या. मी भीतीनं आणि दिवसभराच्या दगदगीनं तापलेली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलून गेले, "अव्वा, लहानपणापासून चमचा चमचा पाजून तुम्हीच त्यांना हे खडे केलेत. तुमच्या आंबीत ऑक्झॅलिक आम्ल आहे. त्याचाच खडा होतो."

ह्यांनी "अगं" म्हणून मला थांबवायला बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघून एवढंच विचारलंत, "पुस्तकात हाय तसं?"

"आहे."

"मग संपलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही एकेक बाटली नेऊन बांधावर ओतलीत. सगळ्यात जुनी, काळी झालेली बाटलीसुद्धा. मला कुणी थांबवायला सांगितलं नव्हतं, मीही थांबवलं नाही. त्या हिवाळ्यात हरभरा फुलावर आला, दव पडलं, आणि तुम्ही शेतात गेला नाहीत. दारात माणसं आली की तुम्ही सांगायचात, "आमची इद्या एमएस्सी हाय. ती म्हंती पथरी हुतीया. दवाखान्यात जावा." माणसं परत जायची. तुम्ही कुणाजवळ माझी तक्रार केली नाहीत. माझंच नाव पुढं करून, माझ्या शिक्षणाच्या भरवशावर, तुम्ही चाळीस वर्षांचं काम सोडलंत. मला तेव्हा, खोटं कशाला बोलू, थोडं जिंकल्यासारखं वाटलं होतं.

मग मागचा हिवाळा. पोरांना प्रॅक्टिकलला आम्लं ओळखायला शिकवत होते. परीक्षानळीत कॅल्शियम क्लोराइड घातलं, की ऑक्झॅलेट असेल तर पांढरा साका बसतो. तोच, खड्यातलाच पदार्थ, नळीत डोळ्यांदेखत तयार होतो. ते बघताना माझ्या मनात आलं, की अगं बाई, तू आंब कधी तपासलीस? ज्याच्यावर इतकं बोललीस ते एकदा तरी नळीत घातलंस?

घातलं नव्हतं. तुम्हाला न सांगता दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतात गेले. स्वच्छतेच्या नादात पंचा आदल्या दिवशी धुण्याच्या सोड्यात खळाखळा धुऊन, वाळवून घेतला होता. चार सऱ्या ओढला, पिळला, निघालेलं पाणी कॉलेजात नेलं. निळा लिटमस बुडवला, तो निळाच राहिला. लाल बुडवला, तर तोही निळा! आम्ल शोधायला गेले आणि अल्कली घेऊन आले. मी थक्क. हरभऱ्यानं आंब सोडणं बंद केलं की काय? जात बदलली? फवारणीचा परिणाम? तासभर डोकं खाजवलं आणि शेवटी मुकाट्यानं तुम्हाला येऊन सांगितलं.

तुम्ही विचारलंत, "फडकं कशानं धुतलंतीस?"

मी सांगितलं. आणि अव्वा, तुम्ही जे हसलात! दोन वर्षांत पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं, साबण-सोड्याचं फडकं आंबीला चालत न्हाय. नुसत्या पाण्यात खळबळायचं, उन्हात टाकायचं. सोडा आंब खाऊन टाकतंय." आम्ल अधिक अल्कली बरोबर क्षार अधिक पाणी. आठवीच्या पोराला येतं. सोड्यानं आंब खाल्ली आणि एमएस्सी बाई हरभऱ्याची जात तपासायला निघाल्या होत्या. मी वर्गात हे कधी सांगितलं नाही. उद्या सांगणार आहे.

हसून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "तुला कशाला पायजे आंब?" मी म्हणाले, "तपासायची आहे. किती ऑक्झॅलिक आहे ते बघायचंय." दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत तुम्हीच मला उठवलंत. तुमचं जुनं फडकं तुम्ही टाकलं नव्हतं. आपण दोघींनी मिळून ओढलं, एक टोक तुमच्याकडं, एक माझ्याकडं. तुम्ही मला शिकवत होता, की शेंड्यावर नुसतं टेकवायचं, दाबायचं न्हाय, फूल झडतंय. तुमच्या पायांना आंब झोंबत होती, माझ्याही. धरणाच्या बाजूनं गार वारा येत होता. पिळताना तुम्ही बरणीत डोकावून बघितलंत आणि मला म्हणालात, "नीट तपास हां." आयुष्यातल्या फार चांगल्या सकाळींपैकी ती एक होती.

मी नीटच तपासली. पोरं गेल्यावर प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं. आधी एकूण आम्ल किती ते मोजायला बसले. कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडत होते, गुलाबी रंग यायची वाट बघत. ब्युरेट अर्धी झाली तरी रंग यायचं नाव नाही. एका केसाच्या टोकावर मावणारे थेंब, त्यांची ही ताकद! मग दुसरी नळी. कॅल्शियम क्लोराइड घातलं. शेजारी तुलनेला साध्या ऑक्झॅलिक आम्लाची नळी, ती दुधासारखी पांढरीफटक. तुमची? तांदळाच्या दुसऱ्या धुवणाइतकी गढूळ. पुन्हा केलं, तसंच. तिसऱ्यांदा केलं.

ऑक्झॅलिक होतं, पण थोडं. बाकीचं त्या दुसऱ्या घरातलं, ज्यांची रांगोळी मी तुमच्यापुढं काढली होती. ते मॅलिकच आहे हे आमच्या छोट्या प्रयोगशाळेत मला सिद्ध करता येत नाही, तिथं मी पुस्तकांवर विसंबते. पण चमचाभर आंबीत जितकं ऑक्झॅलिक, त्याच्या कितीतरी पट पालकाच्या एका भाजीत गेलं असणार, हे उघड होतं. आणि ती पालकाची भाजी मीच करत होते, आठवड्यातून दोनदा, हौसेनं, लोह वाढावं म्हणून.

आंबीनं पोटदुखी जाते का, हे मला आजही माहीत नाही. ते मी तपासलेलं नाही, त्यामुळं त्यावर बोलणार नाही. पण खड्यांचं खापर मी तुमच्या हातांवर फोडलं होतं ते न मोजता. ते चुकीचं होतं. ते मला त्या संध्याकाळी, प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी उभं असताना, स्वच्छ कळलं.

घरी आले. तुम्ही भाजी निवडत होता. वर न बघताच विचारलंत, "काय निघालं गं?"

आणि मी म्हणाले, "अजून व्हायचंय."

का म्हणाले? कितीदा विचारलं मी स्वतःला. चंद्रामावशींसमोर बोलले होते, ते चंद्रामावशींसमोरच परत घ्यावं लागलं असतं. मोजल्याशिवाय बोलू नये हे मी पोरांना रोज सांगते, ती मीच. लाज वाटली हो. मग स्वतःला समजावलं, की आणखी एकदा करून बघू, नमुना एकाच शेताचा आहे, संक्रांत झाल्यावर सांगू. संक्रांत झाली. शिवरात्र झाली. हरभरा निघाला. तुम्ही पुन्हा एकदाही विचारलं नाहीत आणि मला वाटलं, विसरलात. तेच सोयीचं होतं मला. उन्हाळा, पावसाळा, दिवाळी. रोज तुमच्या हातची भाकरी खाल्ली आणि रोज ते सांगायचं राहिलं.

नऊ दिवसांपूर्वी सकाळी तुम्ही चहा घेऊन भिंतीला टेकून बसलात आणि तशाच राहिलात. मी शेजारीच होते. कप खाली ठेवायलाही तुम्ही कुणाला त्रास दिला नाहीत.

आपल्या रीतीप्रमाणं तुम्हाला शेतातच, बसलेल्या स्थितीत, समाधी दिली. भोवती हरभरा फुलावर होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दूध-तूप घालायला गेलो. जंगमस्वामी होते, भावकी होती, वन्सं होत्या. विधी झाल्यावर चंद्रामावशी माझ्याजवळ आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "इद्या, एक इचारू? ती तपासणी झाली का गं?"

मला वाटलं चुकीचं ऐकलं. "कसली तपासणी?"

"आंबीची. सालभर मी अव्वाला म्हनायले, चला की, यंदा तरी काढू. तर त्या म्हनायच्या, इद्या तपासायलीय. घाईचं काम न्हाय ते. ती सांगंल तवा काढायची. आन् म्हनायच्या, चुकलं असंल तर इद्या सोताच सांगंल, गप बसायची न्हाय ती."

दुधाचं भांडं माझ्या हातात होतं. ते मी खाली ठेवलं.

"झाली, मावशी," मी म्हणाले. "मागच्या वर्षीच झाली."

मावशी म्हणाल्या, "आन् अव्वाला सांगितलंस?"

"नाही."

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. मावशींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मग आता सांग की," म्हणाल्या. "सगळी हायती हितं."

मी तुमच्याकडं तोंड करून उभी राहिले. आवाज फुटला तो वर्गातला, मोठा, मागच्या बाकापर्यंत जाणारा. सगळं सांगितलं. किती नळ्या, काय घातलं, साका किती बसला, शेजारची नळी कशी होती. तीन वेळा केलं, तीन वेळा तेच आलं. ऑक्झॅलिक थोडंच आहे, बाकीचं आम्ल वेगळं आहे. ह्यांचे खडे आंबीनं झाले असं म्हणायला मला काही आधार नव्हता. मी न मोजता बोलले, चारचौघांत बोलले, मी चुकले होते. आणि मोजल्यावर गप्प बसले, ती त्याहून मोठी चूक.

एवढं सगळं बोलायला मला जेमतेम दोन मिनिटं लागली, अव्वा. तुम्ही वर्षभर थांबला होता.